दांडीवरच्या दोन खुणा

गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीतच पडून असतं. ते एकदा बाहेर काढावं आणि त्यातली दोन पानं एकापाठोपाठ वाचावीत. सर्व्हिसिंगच्या पानावर असतं की इंजिन ऑईल १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी होईल तेव्हा बदला. ऑईलच्या पानावर बारीक टाइपात असतं की इंजिन थोडं ऑईल वापरतं आणि ते स्वाभाविक आहे. थोडं म्हणजे किती? अनेक कंपन्यांच्या पुस्तकांत हा आकडा १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत जातो.

आता शाळेतलं त्रैराशिक मांडा. हजाराला एक लिटर, तर दहा हजारांना दहा लिटर. लहान गाडीच्या चेंबरमध्ये मुळात ऑईल मावतं तीन ते साडेतीन लिटर. म्हणजे कंपनीच्या लेखी ‘स्वाभाविक’ असलेलं इंजिन पुढच्या सर्व्हिसिंगच्या कितीतरी आधी कोरडं पडेल. दोन्ही पानं आपापल्या जागी खरी आहेत. त्यांची सांगड घालणारी ओळ तिसऱ्याच पानावर असते: मध्ये मध्ये ऑईलची पातळी तपासा. हे काम सर्व्हिस सेंटरचं नाही, पंपावरच्या पोऱ्याचं नाही, गाडीतल्या संगणकाचंही बहुतेक वेळा नाही. ते गाडीमालकाचं आहे आणि त्याला ते कोणी धड सांगितलेलं नाही. ‘गाडी ऑईल खाते’ या तक्रारीभोवतीचे सगळे वाद तपासत गेलं की शेवटी याच सुटलेल्या दुव्याशी येऊन थांबावं लागतं.

खातं म्हणजे नेमकं काय होतं

ऑईल कमी होण्याचे मार्ग तीन: जळतं, गळतं आणि उडून जातं.

जळण्याची मुख्य जागा पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये. पिस्टनला बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब अडवतात, खालची भिंतीवरचं जादा ऑईल निपटून परत चेंबरमध्ये धाडते. पण भिंत अगदी कोरडी करून चालत नाही. तिथे ऑईलचा पातळ थर राहावा म्हणून कारखान्यात भिंतीवर बारीक तिरप्या रेघा मारतात. पाट्याला टाकी लावतात तशा. हा थर प्रत्येक स्फोटात किंचित जळतो. म्हणून ‘माझं इंजिन थेंबभरही ऑईल घेत नाही’ हे वाक्य काटेकोरपणे कधीच खरं नसतं. घेतंच, प्रश्न प्रमाणाचा. रेघा घासून पाटा गुळगुळीत झाला, रिंगांचा ताण गेला किंवा ऑईल रिंगेची निचऱ्याची बारीक भोकं कार्बनने बुजली, की प्रमाण वाढतं. नव्या इंजिनात रिंगा आणि भिंत एकमेकांना बसेपर्यंत पहिले काही हजार किलोमीटर ते जास्त असू शकतं, मग उतरतं.

दुसरी वाट हेडमधून. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबरी सील असतं. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालं की रात्रभरात ऑईलचे थेंब खाली झिरपतात आणि सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर निळसर धुराचा एक लोट निघून बंद होतो. तिसरी वाट इंजिनाच्या श्वासाची. चेंबरमध्ये साचलेले वायू पुन्हा इंजिनाकडे ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकला, तर वायूंबरोबर ऑईलचा फवाराही जळायला जातो. टर्बोच्या गाड्यांत त्याच्या शाफ्टची सीलं ही आणखी एक जागा.

गळती शोधायला सोपी: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं ऑईल सील, ड्रेन बोल्टचा न बदललेला वॉशर. पार्किंगच्या फरशीवरचा काळा डाग ती सांगून टाकतो. मात्र गळणारं ऑईल गरम सायलेन्सरवर पडत असेल तर डाग पडत नाही, नुसता करपट वास येतो.

उडून जाण्याकडे आपलं लक्षच नसतं. तापलेल्या ऑईलमधला हलका अंश वाफ होऊन जातो. तो मोजायला नोआक नावाची चाचणी आहे: ऑईल २५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं आणि किती घटलं ते पाहायचं. अमेरिकेच्या एपीआय मानकात आजच्या पातळ पेट्रोल ग्रेडना १५ टक्क्यांपर्यंत घट चालते. युरोपच्या एसीईएमध्ये बहुतेक वर्गांना १३. डब्यावर हे सहसा छापत नाहीत, पण दोन ऑईलांपैकी एक लवकर का घटतं याचं उत्तर कधी कधी इथेच असतं.

सवय कशी गेली

मुंबईची काळीपिवळी पद्मिनी चालवणारा टॅक्सीवाला सकाळी बोनेट उघडूनच दिवस सुरू करायचा. पाणी, ऑईल, पट्टा. फडकं खांद्यावरच असायचं. त्याच काळात घरोघरी चेतक स्कूटर होती, तिचं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल जाळूनच चालायचं. तिथे ऑईल जळणं हा दोष नव्हता, रचना होती. पंपावर पेट्रोलसोबत टू-टी ऑईल मागणं हा रोजचा व्यवहार होता. गाडीला ऑईल लागतं आणि ते आपण बघायचं असतं, हे त्या पिढीला शिकवावं लागलं नाही.

मग ऑईलं सुधारली, सुटे भाग जास्त नेमके बनू लागले आणि तीन-पाच हजारांवरचा ऑईल बदल दहा हजारांवर गेला. ही प्रगती खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बदलामधलं अंतर वाढलं तसं चेंबर मोठं झालं नाही. पूर्वी पाच हजारांत अर्धा लिटर घटलं तरी नवं ऑईल येऊन चूक झाकली जायची. आता तेच इंजिन त्याच वेगाने दहा हजारांत लिटरभर घेतं आणि ऑईल मोजायच्या दांडीवर पातळी किमान खुणेपर्यंत येते. इंजिन बिघडलेलं नसतं. हिशेबाचा कालावधी दुप्पट झालेला असतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. बोनेट उघडणारा हात त्याच्या बऱ्याच आधी गेला होता.

नवी इंजिनं का घेतात

‘जुनी गाडी ऑईल खाते’ ही समजूत अर्धीच खरी आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०१० ते २०१४ या वर्षांच्या सुमारे पाच लाख गाड्यांच्या मालकांकडून आलेली माहिती तपासली. बदलांच्या मध्ये ऑईल टाकावं लागणाऱ्या गाड्या एकूण सुमारे २ टक्केच होत्या, पण त्या विखुरलेल्या नव्हत्या. ऑडी, बीएमडब्ल्यू आणि सुबारूच्या ठरावीक इंजिनांभोवती त्या गोळा झाल्या होत्या. गाड्या नव्या होत्या आणि काही चांगल्या महागड्याही. सुबारूविरुद्ध २०१४ मध्ये दाखल झालेला सामूहिक दावा २०१६ मध्ये मिटला आणि संबंधित गाड्यांची या दोषापुरती हमी ५ वर्षांवरून ८ वर्षांवर नेली गेली. टोयोटाने आपल्या २.४ लिटरच्या एका इंजिनासाठी पिस्टन आणि रिंगा बदलून देण्याची योजना अमेरिकेत काढली, कारण ऑईल रिंगेपाशी कार्बन साचत होता.

यामागे कारस्थान नाही, ओढाताण आहे. मायलेज वाढवायचं आणि धूर कमी करायचा तर इंजिनातलं घर्षण कमी करायला हवं. घर्षणाचा मोठा वाटा रिंगांचा. म्हणून रिंगा बारीक आणि कमी ताणाच्या झाल्या, ऑईलं पातळ झाली: २०डब्ल्यू-४० वरून ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०, आता ०डब्ल्यू-१६ सुद्धा. थेट इंजेक्शन आणि टर्बोने उष्णता वाढवली. लिटरमागे थोडं मायलेज मिळालं, पण रिंगेची चूक पोटात घालणारी ढिलाई गेली. आखणी नेमकी जमली तर काहीच कळत नाही. किंचित चुकली तर तीन वर्षांच्या गाडीत ऑईल टाकावं लागतं.

‘नॉर्मल’ या शब्दावरचा वादही इथलाच. कंपनीचा आकडा हा निरोगी इंजिनाचं वर्णन नसतो. हमीखाली दुरुस्ती कधीपासून द्यायची याची ती सीमारेषा असते. अमेरिकेत टोयोटाच्या त्या योजनेत पात्रतेची रेषा होती १,२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे ढोबळमानाने २,००० किलोमीटरला एक लिटर. आपल्या पुस्तकातला हजाराला एक लिटर हा आकडा त्याच्या दुप्पट सैल आहे. निरोगी लहान पेट्रोल इंजिन पाच हजारांत पाव लिटर घेत असेल तर विसरून जावं. दोन हजारांत लिटर लागत असेल तर पुस्तकाने हरकत घेतली नाही तरी आपण घ्यावी. त्याच्या मधल्या पट्ट्यात आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. वर्षानुवर्षं चार हजारांना अर्धा लिटर घेणारं इंजिन बिनघोर चालतं. कालपर्यंत काहीच न घेणारं आज तेवढं घेऊ लागलं, तर काहीतरी बदललं आहे.

पातळी कधी कधी खोटं बोलते

दांडीवर पातळी ठीक दिसली म्हणजे ऑईल ठीक, असंही नाही.

शहरात शाळा-भाजी-ऑफिस अशी तीन-चार किलोमीटरची धाव असली की इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात जादा जाणारं पेट्रोल भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं आणि दमटपणाचं पाणीही साचतं. ऑईल घटतं, पेट्रोल भरून काढतं. दांडीवर सगळं जैसे थे. मग दिवाळीच्या सुट्टीत तीच गाडी समृद्धी महामार्गाला लागते. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, तासन् तास १२०चा वेग. ऑईल पुरतं तापतं, पेट्रोल आणि पाणी उडून जातं आणि सहा महिने लपलेली घट एका दिवसात उघडी पडते. वर सलग जास्त आरपीएमची नवी घट. नागपूरला पोचल्यावर मालक म्हणतो, ‘गाडी अचानक ऑईल प्यायला लागली.’ अचानक काही झालेलं नसतं.

बीएस-६ डिझेलचं उलट आहे. एप्रिल २०२० पासून या गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. तो साफ करायला इंजिन उशिराने जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं काही चेंबरमध्ये उतरतं. साफसफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली तर पातळी चढत जाते. कमाल खुणेच्या वर गेलेलं ऑईल ही खुशीची बातमी नाही. ते पातळ झालेलं आहे. दांडी काढल्यावर ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं आणि रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी तिथेच थांबवावी.

रंगाबद्दलची एक समजूत मात्र सोडून द्यायला हवी. डिझेलमध्ये ऑईल भरल्यावर काही दिवसांतच काळंकुट्ट होतं. काजळी आपल्या अंगात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. सीएनजीवर ते खूप काळ मधासारखं दिसतं, पण त्याची रसायनं झिजायची ती झिजतातच. काळं म्हणजे खराब आणि स्वच्छ म्हणजे चांगलं, या दोन्ही गोष्टी डोळ्यांचा भ्रम आहेत.

दांडी काढताना

कंपन्यांच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात, पण बहुतेकांची रीत अशी. इंजिन चालवून तापवा, सपाट जागी उभं करा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑईल चेंबरमध्ये उतरेल. सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर पाहिलेली पातळी काहीच सांगत नाही. पिवळं किंवा केशरी कडं ओढून दांडी बाहेर काढा. पहिली खूण वाचायची नाही; दांडी आत असताना नळीला घासून ती फासलेली असते. फडक्याने पुसा, पूर्ण आत दाबा, पुन्हा काढा आणि आडवी धरून बघा. दोन्ही बाजूंना ओल वेगळी दिसली तर खालची खरी धरा. दोन खुणांच्या मधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं; तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात मिळेल.

ऑईल टाकायचं ते पाव-पाव लिटर, दर वेळी थांबून पुन्हा बघत. ग्रेड पुस्तकातलीच. रस्त्यात नेमकी मिळाली नाही तर जवळची चालते, कारण एकाच दर्जाची ऑईलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवावी लागतात. कोरडं इंजिन त्याहून वाईट. घाईघाईत अख्खा लिटर ओतून कमाल खूण ओलांडू नका. क्रँक त्या ऑईलमध्ये घुसळायला लागतो, फेस होतो, पंप हवा ओढतो आणि तोच फेस श्वासाच्या वाटेने जळायलाही जातो. ऑईल जास्त झाल्यामुळे ऑईल जास्त जळतं, हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. आणि टॉपअप म्हणजे ऑईल बदल नव्हे. जुना फिल्टर आणि जुनी घाण आत तशीच राहते.

काही महागड्या गाड्यांत दांडीच नसते. इंजिन गरम असताना पडद्यावरच्या मेनूतून पातळी दिसते. ती सोय चांगली, पण तीही बघावी लागते.

आता लाल दिव्याबद्दल. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं चित्र उमटतं, त्याचा अर्थ ऑईल कमी आहे असा नाही. दाब गेला आहे, असा आहे. चेंबरच्या तळाशी पंपाला ऑईल मिळेनासं होईपर्यंत तो दिवा गप्प असतो. आधी वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लुकलुकतो, कारण ऑईल एका बाजूला सरकून पंप हवा ओढतो. साताऱ्याच्या एका गॅरेजमध्ये टोचनवर आलेलं एक जाम इंजिन मी पाहिलं आहे. मालक पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: दिवा लागला होता, पण टोलनाका पुढे दोन किलोमीटरवर होता, म्हटलं तिथे सावलीत थांबू. मिस्त्रींनी काही न बोलता दांडी काढून त्याच्या हातात दिली. ती पुसायची गरजच नव्हती. खाली उघडलेल्या इंजिनाच्या बेअरिंगांचे पत्रे बाकावर मांडलेले होते, निळे पडलेले, एकावर एक चिकटलेले. त्या दोन किलोमीटरचं बिल गाडीच्या किमतीला टेकलं होतं.

धूर वाचायला शिकणं

कारण शोधताना मिस्त्री धुराची वेळ विचारतात. सकाळी सुरू करताना लोट आला तर सील. बोरघाट पाय सोडून गिअरमध्ये उतरलात आणि खोपोलीला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा ढग दिसला, तर व्हॉल्व्ह गाइड. उतारावर पेट्रोल इंजिनात निर्माण होणारी ओढ ऑईल आत खेचते. चढावर सतत धूर असेल तर रिंगा. खात्री करायला कॉम्प्रेशन मोजतात, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्या. जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा. साधी, जुनी आणि अजूनही भरवशाची परीक्षा.

एक मेख आहे. आजच्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडं ऑईल स्वतःच जाळून टाकतो. धूर दिसत नाही, पीयूसी पास होते आणि ऑईल मात्र घटत राहतं. त्याची किंमत कन्व्हर्टर देतो, कारण ऑईलमधला फॉस्फरस आणि राख त्याच्या जाळीवर बसते. धूर नाही म्हणजे ऑईल जळत नाही, हे जुन्या गाड्यांचं गणित आता चालत नाही.

उपायांतही जुनं आणि नवं यांची गल्लत होते. ‘२०डब्ल्यू-५० टाका, बंद होईल,’ हा सल्ला झिजलेल्या जुन्या इंजिनात थोडाफार लागू पडायचा. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि चेनचा ताण ऑईलच्याच दाबावर चालतात, वाटा अरुंद असतात. जाड ऑईल थंड सकाळी वर उशिरा पोचतं. पुस्तकाने परवानगी दिलेल्या ग्रेडांपैकी जाड निवडणं वेगळं, पुस्तकाबाहेर जाणं वेगळं. ‘ऑईल ट्रीटमेंट’च्या बाटल्यांनी कडक झालेलं सील काही काळ मऊ होऊ शकतं, झिजलेली रिंग भरून येत नाही. खर्चाच्या पायऱ्या खालून चढाव्यात: आधी गळती, मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, मग सील, सगळ्यात शेवटी रिंगांसाठी इंजिन खोलणं. पुष्कळ गाड्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. काही मालक हिशेब करून ठरवतात की तीन हजारांना अर्धा लिटर टाकत गाडी आणखी पाच वर्षं वापरायची. दांडी नियमित बघणाऱ्याच्या हातात हा निर्णय शहाणपणाचा असतो, न बघणाऱ्याच्या हातात जुगार.

कारण एक वाचन म्हणजे नुसता ठिपका. दुसरं वाचन झालं की वेग कळतो, तिसऱ्याने तो वाढतोय की स्थिर आहे ते. हमीचा दावा मांडायलाही हेच लागतं. सर्व्हिस सेंटर तक्रार आल्यावर ऑईल भरून, बोल्टवर खूण करून गाडी परत बोलावतं आणि घट मोजतं. तुमच्याकडे आधीच तारीख, किलोमीटर आणि किती मिलिलिटर टाकलं याचे चार आकडे असतील तर संभाषण वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

विजेच्या गाड्या वाढतील तसा हा प्रश्न आपोआप मावळेल. पण आज रस्त्यावर असलेली कोट्यवधी इंजिनं पुढची पंधरा-वीस वर्षं तरी ऑईलवरच फिरणार आहेत. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, दहा मिनिटं आणि एक फडकं, एवढाच खर्च. त्या माहितीपुस्तकाच्या शेवटी ‘नोंदी’ असं छापलेली काही कोरी पानं असतात. पुस्तक कप्प्यात परत ठेवण्याआधी त्यावर आजची तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि पुढे दांडीवर ओल कुठवर होती ते. पहिल्या दोन पानांचा मेळ तिथे बसतो.